इंजिनाची नाडी

जुनी वस्तू विकत घेणाऱ्या माणसाकडे जग थोड्या दयेने पाहते. नव्या वस्तूबरोबर खोके मिळते, हमीचे कागद मिळतात, शेजाऱ्यांना पेढे देण्याची सबब मिळते. जुन्या वस्तूबरोबर येतो तो संशय. आधीच्या मालकाने ही का विकली असेल, हा प्रश्न तिच्या पाठोपाठ उंबरा ओलांडतो आणि पुढे कित्येक दिवस माजघरात ठाण मांडून बसतो. तरीही मला जुन्या वस्तूंची, त्यातही जुन्या इंजिनांची ओढ आहे. नवे इंजिन शाळेतल्या पहिल्या दिवसाच्या पोरासारखे असते. सगळ्यांशी सारखेच वागते. जुन्याला स्वभाव असतो, खोडी असतात, रुसवे असतात. त्याच्याशी ओळख करून घ्यावी लागते आणि ती एका दिवसात होत नाही.

आमचे मालेगाव हे जुन्या यंत्रांचे सासर आहे. मोठ्या शहरांतल्या गिरण्यांनी नको म्हटलेले किती तरी माग येथे नांदायला आले, आणि त्यांनी संसार मात्र नेटाने केला. मोसम नदीच्या दोन्ही अंगांनी त्यांची खटखट चालू असते. शुक्रवारी माग बंद असले म्हणजे गावाला आपलेच कान परके वाटू लागतात. गावाबाहेर पडले की दुसरा आवाज सुरू होई. गिरणा-मोसमच्या खोऱ्यात विहिरीविहिरीवर तेलइंजिने असत. सावकाश, एका ठेक्यात, टुक् टुक् टुक् असा त्यांचा आवाज रात्रीच्या वेळी कोस-दोन कोस ऐकू येई. कोणाचा ऊस भिजतो आहे आणि कोणाचा कांदा, हे आम्ही पोरे अंथरुणात पडल्या पडल्या ओळखत असू.

या संथ इंजिनाचा घाट मूळचा विलायती. इंग्लंडातल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास तो बाजारात आणला. दोन बाजूंना दोन जड चाके, मध्ये एकच उभे सिलिंडर, आणि मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे. विलायतेत १९८७ साली ते बनणे थांबले. राजकोटच्या कारागिरांनी मात्र त्याची नक्कल इतक्या निष्ठेने चालू ठेवली की मूळ मेले आणि पारंबी जगली. साडेसहाशे फेऱ्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा डिझेल पेटते. हिशोब केला तर आठ तासांच्या पाळीत दीड लाखाहून अधिक स्फोट होतात. दीड लाख स्फोट पोटात सोसून जो शांतपणे टुक् टुक् म्हणतो, त्याच्या एखाद्या रुसव्याबद्दल तक्रार कोणी करावी?

आणि ते पेटते तरी कशाने? ठिणगी नाही, काडी नाही. सिलिंडरमधली हवा १५ ते २० पट दाबली जाते. त्या दाबानेच ती इतकी तापते की नोझलमधून डिझेलचा फवारा आला की भडका उडतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनिअरने हे १८९७ साली यशस्वी करून दाखवले. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले होते, हे वाचले तेव्हा मला आमच्या खानदेशच्या भुईमुगाचा फार अभिमान वाटला होता. १९१२ साली ‘सेलांडिया’ हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांवर थेट बँकॉकपर्यंत गेले. आणि पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीवरून खुद्द डीझेल नाहीसा झाला. रात्री जेवून आपल्या खोलीत गेला तो सकाळी सापडला नाही. ज्या समुद्रावर पुढे त्याच्या इंजिनाचे राज्य व्हायचे होते, त्यानेच त्याला पोटात घेतले.

ही समुद्राची गोष्ट निघाली की मला आमच्या मिस्त्रींची आठवण होते. मालेगावपासून समुद्र खूप दूर. पण आमच्या शेतातल्या इंजिनाला जे काही शहाणपण मिळाले ते समुद्रावरून आले. मिस्त्री जातीचे विणकर. त्यांचे वाडवडील उत्तरेतून येऊन येथे स्थायिक झालेले. पण हे पोरवयातच मुंबईला पळाले आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या एका लाँचवर पोऱ्या म्हणून लागले. आधी चिंध्या धुण्याचे काम, मग तेल घालण्याचे, आणि चार-पाच वर्षांनी इंजिनावरचे ड्रायव्हर. वर तांडेल सुकाणू धरी आणि खाली अंधारात मिस्त्री इंजिनाशी बोलत बसत. सुट्टीच्या दिवशी ते गेटवेसमोर नांगरलेल्या हौशी मंडळींच्या मोटारबोटी दुरुस्त करून वरकमाई करीत. पुढे घरचे कोणी राहिले नाही म्हणून परत आले आणि मागांच्या कारखान्यांत फिटर झाले. मागांच्या गदारोळात त्यांचे कान गेले. मी त्यांना पाहिले तेव्हा त्यांच्याशी ओरडून बोलावे लागे. पण इंजिनापाशी आले की ते लांब पेचकस काढीत, त्याचे टोक सिलिंडरवर टेकवीत, लाकडी मूठ दातांत धरीत आणि डोळे मिटीत. वैद्याने नाडी पाहावी तसे ते पाहत. ‘कान गेले तर काय झालं? हाडं आहेत ना,’ असे म्हणत.

त्या मोटारबोटींबद्दलचे त्यांचे एक सूत्र होते. ‘रोज चालणारं इंजन मरत नाही, बेटा. रविवारी चालणारं मरतं.’ मला ते प्रथम कोडेच वाटले. रेवसची लाँच जुनी, तिचे इंजिन त्याहून जुने, दिवसातून किती तरी खेपा. ते वर्षानुवर्षे चालले. आणि हौशी लोकांच्या त्या पांढऱ्याशुभ्र, पितळेने चमकणाऱ्या बोटी दर सहा महिन्यांनी आजारी. कारण असे की आठवडाभर टाकी अर्धी रिकामी राही. रात्रीच्या गारव्याने आतल्या दमट हवेचे पाणी होई, ते डिझेलच्या तळाशी बसे आणि रविवारी पहिल्या घोटाबरोबर पंपात जाई. उभ्या उभ्या पिस्टनच्या रिंगा चिकटत. समुद्राचे पाणी आत ओढणाऱ्या पंपाची रबरी पाती वाकून तशीच राहत. मालक येई, चावी फिरवी आणि इंजिन बनवणाऱ्याला शिव्या देई. मिस्त्री त्याला दोनच गोष्टी सांगत: बोट बांधून जाताना टाकी भरून जा, आणि येणे झाले नाही तरी कोणाकडून तरी अर्धा तास इंजिन चालवून घे. दोन्ही गोष्टी फुकटच्या, म्हणून कोणी ऐकत नसे.

बोटीच्या इंजिनात थंडाव्यासाठी खारे पाणी खेळते आणि खारे पाणी लोखंड खाते. म्हणून आत जस्ताचा एक तुकडा बसवतात. खारे पाणी आधी जस्त खाते आणि लोखंडाला हात लावीत नाही. हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी ही युक्ती काढली. मिस्त्रींना डेव्हीचे नाव ठाऊक नव्हते. पण झिजलेला तुकडा वेळेवर बदलला नाही तर पाळी लोखंडावर येते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. असा एक खरवडलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा झालेला तुकडा त्यांनी हत्यारांच्या पेटीत जपून ठेवला होता. तो दाखवून म्हणत, ‘घरात पण एक माणूस असा असतो.’ घर चालवणाऱ्या कोणत्या माणसाबद्दल ते बोलत होते, हे मी कधी विचारले नाही.

आमच्या घरी इंजिन आले ते बहात्तरच्या दुष्काळानंतर. त्या दुष्काळात आमच्या दोन बैलांतला एक गेला. एका बैलावर मोट चालत नाही. त्र्याहत्तर साली विहीर आणखी खोल केली, पाणी लागले, पण ते वर काढायचे कशाने? आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उरलेला बैल विकला आणि त्या पैशांत एक वापरलेले इंजिन घ्यायचे ठरवले. आई दोन दिवस जेवली नाही. तिचे म्हणणे एवढेच होते की, बैल आजारी पडला तर तो आपल्याकडे पाहतो तरी. हे लोखंड बंद पडले तर काय करणार?

सौदा ठरवायला आण्णा मिस्त्रींना घेऊन गेले. मीही बरोबर होतो. विकणाऱ्याने मोठ्या अगत्याने चहा दिला आणि हँडल मारले. इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झाले. आण्णांचा चेहरा उजळला. मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावले, सिलिंडरवर तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘आण्णा, आज आपण परत जाऊ. उद्या सकाळी येऊ.’ वाटेत त्यांनी कारण सांगितले. आपण जाण्याआधीच ते तापवून ठेवले होते. गरम इंजिन कोणाचेही सुरू होते. गुण कळतात ते थंडपणी. बोटींच्या बाजारातही त्यांचा हाच नियम होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही न कळवता उजाडता उजाडता गेलो. मिस्त्रींनी आधी हँडल हळूच फिरवून दाब पाहिला. आतले तेल बोटावर घेऊन चोळले. दुधाळ असते तर पाणी शिरल्याची खूण, चुरचुरले असते तर बेअरिंगच्या धातूची. मग वाल्वची खिटी उचलून हँडल मारायला सांगितले, चाकांना वेग येताच खिटी सोडली. इंजिन चौथ्या फटक्याला, खोकत खोकत, पांढरा धूर सोडीत सुरू झाले. थोड्या वेळाने पांढरा धूर गेला आणि निळसर झाक राहिली. खालच्या पेटीच्या हवेच्या भोकावर त्यांनी अंगठा धरला. तेथून फुसफुस वारा येत होता. ‘रिंगा गेल्यात. बाकी हाड चांगलं आहे,’ असा निकाल देऊन त्यांनी रिंगांच्या खर्चाइतकी किंमत कमी करून घेतली. विकणाऱ्याने खळखळ केली, पण त्याच्या स्वतःच्या इंजिनानेच साक्ष दिली होती.

धुराचे हे शास्त्र त्यांनी मला पुढे नीट शिकवले. काळा धूर म्हणजे खाणे जास्त, हवा कमी. ओझे पेलत नाही, नाही तर हवेची जाळी चोंदली आहे, नाही तर नोझल फवारा सोडण्याऐवजी थेंब गाळते आहे. निळा धूर म्हणजे इंजिन आपलेच तेल जाळते आहे. पांढरा म्हणजे डिझेल आले पण पेटले नाही. थंडी असेल, दाब कमी असेल, किंवा पाणी शिरले असेल. आणि काहीच धूर नसून इंजिन सुरूही होत नसेल तर डिझेल पोचतच नाही. प्रत्येक विकाराचा रंग वेगळा. माणसाच्या बाबतीत परमेश्वराने ही सोय का केली नाही, कोण जाणे.

त्या पोळ्याला आईने इंजिनाला हळदकुंकू लावले आणि पुरणपोळीचा घास चाकाशी ठेवला. कोणी हसले नाही.

खरी परीक्षा पुढच्या मार्चमध्ये झाली. रांगड्याचा मोसम सरून उन्हाळ कांदा शेतात उभा होता. शेवटची दोन पाणी राहिली होती. ती चुकली की कांदा पोसत नाही आणि वर्ष जाते. बैल तर गेलेलाच होता. अशा वेळी इंजिन बंद पडू लागले. सुरू होई झोकात, दहा-बारा मिनिटे उत्तम चाले, मग दम लागल्यासारखे मंदावे आणि थांबे. थोडा वेळ गेला की पुन्हा सुरू, पुन्हा दहा मिनिटांनी बंद. वाकुऱ्यात पाणी निम्म्यापर्यंत पोचायचे आणि तेथेच जिरायचे. एक शेजारी म्हणाले, पंप गेला, नाशिकला पाठवा. दुसरे म्हणाले, हेड उतरवा. पंप पाठवायचा म्हणजे आठवडा, आणि कांद्याला आठवडा नव्हता. आण्णा सायकलीवरून गावात गेले. तो शुक्रवार होता. दुपारची नमाज आटोपून मिस्त्री आले.

त्यांनी पेटी उघडली नाही. खाली बसले आणि प्रश्न विचारू लागले. कधीपासून? बंद पडताना एकदम पडते की मंदावत? धूर? मी ओरडून उत्तरे देत होतो. मग त्यांनी विचारले, ‘टाकी भरलेली असली म्हणजे लवकर बंद पडतं, की अर्धी असली म्हणजे?’ हे कोणी पाहिले नव्हते. पण आई बांधावरून म्हणाली, ‘डिझेल भरलं की लवकर पडतं. कमी असलं की जरा जास्त चालतं.’ त्या लोखंडाकडे दोन दिवस रागाने पाहणाऱ्या आईनेच ते पाहून ठेवले होते.

मिस्त्री हसले. इंजिन सुरू करायला लावले. दहा मिनिटे झाली, ते मंदावू लागले, तसे ते उठले आणि त्यांनी डिझेलच्या टाकीचे झाकण सैल केले. सुस्कारा टाकावा तसा आवाज आला, आणि इंजिनाने पुन्हा ठेका धरला. झाकणाला बारीक भोक असते. डिझेल खाली जाईल तशी तेवढी हवा त्यातून आत यावी म्हणून. कुंभारीण माशीने त्या भोकावर चिखलाचे घर बांधले होते. हवा आत येईना, म्हणून डिझेल खाली उतरेना. भरलेल्या टाकीत वर हवा थोडी. ती लवकर विरळ होई आणि डिझेलला वर ओढून धरी. रिकाम्या टाकीत हवा जास्त. तिला वेळ लागे. इंजिनात काहीच बिघडले नव्हते.

मिस्त्रींनी काडीने चिखल काढला. आतली माशीची अळी त्यांनी हलक्या हाताने बांधावर ठेवली. मग म्हणाले, ‘खोलायच्या आधी विचारायचं. बोटीवर मी हेच शिकलो. मधल्या खाडीत इंजन बंद पडलं तर उतरून ढकलता येत नाही. आणि हातात पाना घेऊन घाबरलेला माणूस चांगलं इंजनही बिघडवतो. आधी फुकटचं पाहायचं, मग आण्याचं, मग रुपयाचं.’ टाकी, झाकण, नळी, गाळणी, हवा, पाणी. आणि हे सगळे निर्दोष ठरले तरच पंपाला हात. मजुरी म्हणून त्यांनी पाच रुपये घेतले आणि जाताना आईकडून कांद्याची पात मागून नेली. दोन्ही पाणी वेळेवर झाली.

त्यानंतर मी आयुष्यात अनेक दुरुस्त्या पाहिल्या, यंत्रांच्या आणि माणसांच्याही. बहुतेक ठिकाणी लोक आधी हेड उतरवतात. नात्यात, संसारात, संस्थेत कोठे काही मंदावले की पहिला हात सर्वांत महाग भागाला जातो. खरा दोष कित्येकदा असल्याच एखाद्या बारीक भोकात असतो: कोठे तरी हवा आत यायची बंद झालेली असते. पण ते दिसायला कधी बंद पडते, किती वेळाने, कशानंतर, हे कोणी तरी पाहून ठेवलेले असावे लागते. माझ्या आईसारखे, कोणी विचारले नसताना.

पुढे मळ्यात वीज आली आणि विहिरीवर मोटर बसली. बटण दाबले की पाणी. इंजिन छपरीत गेले. मिस्त्री एकदा आले होते तेव्हा त्यांनी चाकावरची धूळ बोटाने पुसली आणि माझ्याकडे नुसते पाहिले. मी समजलो. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी ते अर्धा तास चालवतो, टाकी भरलेली ठेवतो, तळाचे पाणी सोडून देतो. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वीज रात्री-अपरात्री येई, तेव्हा आसपासच्या मळ्यांतली छपरीत पडलेली इंजिने बाहेर निघाली. बहुतेकांच्या रिंगा चिकटल्या होत्या, पंप गंजले होते. आमचे तिसऱ्या फटक्याला सुरू झाले. ते पाहायला मिस्त्री उरले नव्हते. त्यांच्या मुलांपैकी कोणी हे काम घेतले नाही. पाना धरून हात काळे करण्यात पूर्वीसारखी मिळकतही नाही. पेचकस दातांत धरून डोळे मिटणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

आता शेजाऱ्यांच्या विहिरींवर सौरपंप बसू लागले आहेत. त्यांना ना धूर, ना आवाज, ना रोजचे डिझेल. मला त्यांचे कौतुकच आहे. परवा शेजारचा मुलगा मला इंजिन चालवताना पाहून विचारत होता, ‘काका, पाणी तर काढत नाही, मग चालवता कशाला?’ मी त्याला मिस्त्रींचे रविवारच्या इंजिनाचे सूत्र सांगितले. त्याला ते पटले की नाही, कळले नाही. पण त्याने झाकणाजवळच्या भोकाकडे बोट दाखवून विचारले, ‘हे कशाला?’ मग मी इंजिन बंद केले, त्याला जवळ बसवले, आणि आम्ही टाकीपासून सुरुवात केली.